घड्याळात न दिसणारी शिल्लक

जानेवारीच्या अखेरीस मुंबईत रेसच्या पानावर बारीक टायपात अशा धाटणीच्या ओळी छापून येतात : ‘८००/५२, ६००/३९. सहज.’ नवख्याला ही टेलिफोनच्या वहीतली नोंद वाटेल. रेस पाहणाऱ्याला मात्र त्यात पहाटेचा अख्खा सराव दिसतो. घोड्यानं सरावातले शेवटचे ८०० मीटर ५२ सेकंदांत कापले आणि त्यातले अखेरचे ६०० मीटर ३९ सेकंदांत. म्हणजे सुरुवातीच्या दोनशे मीटरला तेरा सेकंद लागले आणि पुढच्या प्रत्येक दोनशेलाही सरासरी तेराच. वेग ताशी पंचावन्न किलोमीटरच्या आसपास.

या ओळीत आकडे चार आहेत आणि शब्द एकच, पण जाणकार आधी तो शब्द वाचतो. हेच आकडे आणि पुढे ‘शेवटी रेटावं लागलं’ असं असेल, तर तो घोडा वेगळा. घड्याळाच्या दृष्टीनं दोघे सारखे धावले. पण एकानं खिशातले सगळे पैसे खर्च केले आणि दुसऱ्याच्या खिशात अजून बरेच उरले आहेत. मोठ्या शर्यतीपूर्वी तरुण घोड्याची पारख करायची म्हणजे ही उरलेली शिल्लक ओळखायची. वंशावळ, शरीर, सराव, आधीच्या शर्यती आणि स्वभाव या पाचही ठिकाणी शोध तिचाच असतो.

पारख एवढी अवघड का, हे समजण्यासाठी आधी शर्यत समजून घ्यावी लागेल. इंडियन डर्बी फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी महालक्ष्मी रेसकोर्सवर होते. अंतर २४०० मीटर. पहिली डर्बी १९४३ साली झाली आणि ती बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्यूटिफुल या फिलीनं जिंकली. फिली म्हणजे तरुण घोडी, कोल्ट म्हणजे तरुण घोडा. डर्बी फक्त चार वर्षांच्या घोड्यांसाठी असते. त्यामुळे प्रत्येक घोड्याला ही संधी आयुष्यात एकदाच मिळते. ‘पुढच्या वर्षी बघू’ ही सोय नाही.

पहिली अडचण वयाची, कारण ते कागदावरचं. शर्यतीच्या घोड्यांचा वाढदिवस सरसकट १ जानेवारीला धरतात. शिंगरू जानेवारीत जन्मलेलं असो वा एप्रिलमध्ये, नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी दोघांच्याही वयात एक वर्षाची भर पडते. म्हणून डर्बीत धावणाऱ्या बहुतेक घोड्यांची खरी चार वर्षं अजून भरलेली नसतात, आणि एकाच रांगेत उभ्या असलेल्या दोन घोड्यांत तीन-चार महिन्यांचं अंतर असू शकतं. कोवळ्या वयात तेवढा काळ बराच मोठा. डिसेंबरमध्ये हडकुळा वाटलेला उशिराचा घोडा दोन महिन्यांत अंगानं भरतो आणि त्याला मोडीत काढणारे तोंडघशी पडतात.

दुसरी अडचण वजनाची. रोजच्या बहुतेक शर्यती हँडिकॅप असतात. चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन आणि कमकुवत घोड्याच्या पाठीवर कमी, म्हणजे चुरस राहते. डर्बीत ती सवलत नाही. सगळे कोल्ट सारखंच वजन घेऊन धावतात, फिलींना तेवढी थोडी सूट. हलक्या वजनावर चार शर्यती मारलेला घोडा इथं एकदम बरोबरीच्या ओझ्याखाली येतो आणि त्याची खरी पत कळते.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. डिसेंबरमध्ये महालक्ष्मीलाच होणारी इंडियन टू थाउजंड गिनीज १६०० मीटरची असते. तिथून डर्बीपर्यंत अंतर थेट दीडपट होतं. मुंबईतल्या बऱ्याच घोड्यांनी डर्बीपूर्वी २४०० मीटर कधी धावलेलेच नसतात. हैदराबाद, बेंगळुरू किंवा कोलकात्याहून आलेले काही घोडे तिकडच्या डर्बीत लांब पल्ला धावून आलेले असतात, पण वेगळ्या मैदानावर आणि वेगळ्या प्रतिस्पर्ध्यांशी. थोडक्यात, जे अजून घडलेलं नाही त्याचा अंदाज बांधायचा असतो. ते न धावलेले आठशे मीटर हीच खरी परीक्षा.

रक्त काय सांगतं

शर्यतीचे घोडे थरोब्रेड जातीचे. या जातीच्या सगळ्या घोड्यांची पितृपरंपरा सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये आणलेल्या तीन घोड्यांपर्यंत जाते : बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. शिंगरांच्या आईबापांची नोंद पिढ्यान्‌पिढ्या ठेवलेली आहे. घोडा मैदानात पाऊल टाकण्याआधीच त्याच्याविषयी काही बोलता येतं ते याच वहीमुळे. बाप कोणत्या अंतराचा, आईची भावंडं कुठवर टिकली, आईचा बाप कोण, या प्रश्नांतून वेग आणि दम यांचा अंदाज घेतात. ढोबळ नियम असा की बाप वेगाचा असेल तर आईकडे दम आहे का ते पाहावं.

या नियमाचं सर्वांत गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं. १९७३ साली केंटकी डर्बीपूर्वी सेक्रेटेरिएट या घोड्याबद्दल मोठी शंका घेतली जात होती. त्याचा बाप बोल्ड रूलर. त्याची पोरं वेगवान, पण लांब अंतराला थकणारी असा त्यांचा लौकिक. सेक्रेटेरिएटची आई समथिंगरॉयल मात्र प्रिन्सक्विलोची मुलगी आणि ते घराणं दमाचं. शंका घेणारे बापाकडे बघत होते. उत्तर आईकडे होतं, ते पुढे येईलच.

अलीकडे या वहीत विज्ञानाचं एक पान जोडलं गेलं आहे. २०१० साली डब्लिनमधल्या एमेलीन हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायोस्टॅटिन या जनुकाचा शर्यतीच्या अंतराशी असलेला संबंध दाखवून दिला. स्नायू किती वाढू द्यायचे यावर हे जनुक लगाम ठेवतं. त्याच्या एका प्रकारचे घोडे लवकर भरतात, दणकट दिसतात आणि कमी अंतराला चमकतात. दुसऱ्या प्रकारचे सडपातळ राहतात, उशिरा पिकतात आणि लांब पल्ल्याला टिकतात. दोन्हींचं मिश्रण असलेले मधल्या अंतराचे. रक्ताच्या एका नमुन्यावर ही तपासणी होते. पण घोड्याला कोणतं अंतर मानवेल एवढंच त्यातून कळतं. एकाच प्रकारचे दहा घोडे डर्बीत असले तर त्यांतला पहिला कोण, हे जनुक सांगत नाही.

उभा घोडा, चालता घोडा

डिसेंबरात दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठच्या सारंगखेड्याला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथं अंगावरचे भोवरे मोजतात, कुठला भोवरा शुभ आणि कुठला खोडीचा यावर सौदा अडतो. चारही पाय आणि तोंड पांढरं असलेल्या पंचकल्याणी घोड्याचा भाव वेगळा. नाच, मिरवणूक, सवारी आणि घरची शोभा या गरजांसाठी ती पारख आपल्या जागी ठीक आहे. महालक्ष्मीला त्याच महिन्यात गिनीजचे घोडे पाहणारा माणूस रंगाकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याची नजर खाली, पायांवर असते.

त्याला कारण आहे. थरोब्रेडचं वजन साडेचारशे ते पाचशे किलो. भरधाव धावताना एका क्षणी सगळा भार एकाच पुढच्या पायावर येतो, आणि तो शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट असतो. हजार किलोंपेक्षा जास्त ओझं मनगटाएवढ्या हाडावर, सेकंदाला दोनदाहून अधिक वेळा. म्हणून समोरून पाहताना छातीपासून खुरापर्यंत पाय ओळंब्यात आहे का, गुडघा बाजूनं पाहिल्यास मागे झुकलेला तर नाही ना, हे आधी तपासतात. मागे झुकलेला गुडघा ताण झेलताना हाडाचे टवके उडवतो. खुराच्या वरचा भाग फार उभा असेल तर हादरे थेट वर जातात, फार कलता असेल तर मागचे स्नायुबंध ताणतात. खांदा तिरका असेल तर पाऊल लांब पडतं. मागचे पुठ्ठे हे इंजिन. ते रुंद आणि भरलेले हवेत.

मग घोडा चालवून पाहतात. सैल चालीत मागच्या पायाची टाप पुढच्या टापेच्या ठशाच्या बरीच पुढे पडली पाहिजे. हे एक साधं लक्षण अनेक मोजमापांपेक्षा उपयोगी पडतं, कारण घोडा पाठ, कंबर आणि खांदा किती मोकळेपणानं वापरतो हे त्यात एकदम दिसतं. थोड्या श्रमात जास्त अंतर कापणारा घोडाच २४०० मीटरच्या शेवटी काही राखून असतो.

डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी डॉक्टर पाहतात. गुडघ्याच्या वरच्या हाडाचं वाढीचं टोक साधारण दोन-अडीच वर्षांच्या वयात पक्कं होतं. तोवर जोराचं काम देऊ नये म्हणून एक्स-रे काढतात. नाकातून दुर्बीण घालून स्वरयंत्र पाहतात. काही घोड्यांत त्याची एक बाजू, बहुधा डावी, नीट उघडत नाही आणि धावताना घरघर ऐकू येते. हा दोष जीवघेणा वाटत नाही, पण भरधाव घोडा प्रत्येक झेपेला बरोबर एकच श्वास घेऊ शकतो. त्या एका श्वासात हवा कमी आली तर ती भरून काढायला दुसरा श्वास नाही.

आतली आणखी एक रचना तर शिल्लक या शब्दाचा शब्दशः अर्थ आहे. घोड्याची प्लीहा तांबड्या पेशींचा मोठा साठा बाळगून असते. धाव सुरू झाली की ती आकुंचन पावते आणि हा साठा रक्तात ओतते. रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण चाळीस टक्क्यांवरून साठ टक्क्यांपलीकडे जातं. विसाव्यात मिनिटाला तीस-चाळीस ठोके देणारं हृदय दोनशे वीसच्या वर पोहोचतं. आता सरावात खोगिराखाली हृदयाचे ठोके आणि उपग्रहाद्वारे वेग मोजणारी उपकरणं बसवतात. ट्रेनरला ठोके किती वर गेले यापेक्षा थांबल्यावर ते किती लवकर खाली आले यात जास्त रस असतो.

हृदयाच्या आकाराबद्दल दंतकथा पुष्कळ. ऑस्ट्रेलियात गाजलेल्या फार लॅपचं ६.२ किलोचं हृदय कॅनबेऱ्याच्या संग्रहालयात ठेवलेलं आहे. सेक्रेटेरिएटचं तर दहा किलोंच्या घरात असावं, असा शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचा अंदाज होता. ते काट्यावर चढवलं गेलं नाही. मोठं हृदय हा मोठा गुण खराच, पण या दोघांच्या बाबतीत तो कळला मेल्यानंतर.

दहा सेकंदांचा मोह

केवळ वंश, शरीर किंवा घड्याळ पाहून निर्णय घेतला तर काय होतं, याचे दोन महागडे धडे उपलब्ध आहेत. १९८३ साली अमेरिकेतल्या कीनलँडच्या लिलावात स्नाफी डान्सर या एक वर्षाच्या शिंगराला एक कोटी डॉलर्सहून जास्त किंमत आली. वंश उत्तम, बांधा उत्तम. तो एकही शर्यत धावला नाही.

दुसरा धडा २००६ सालचा. फ्लॉरिडातल्या लिलावापूर्वी ग्रीन मंकी या दोन वर्षांच्या कोल्टनं एक फर्लांग, म्हणजे सुमारे दोनशे मीटर, ९.८ सेकंदांत कापून दाखवले. बोली एक कोटी साठ लाख डॉलर्सवर थांबली. पुढे तो तीनदा धावला आणि एकदाही जिंकला नाही. घड्याळ खोटं बोललं नव्हतं. ते दोनशे मीटरच सांगत होतं, आणि ऐकणाऱ्यांनी त्यात बाराशे, सोळाशे, चोवीसशे मीटर ऐकले.

पहाटेचा सराव

म्हणून सरावाचे आकडे वाचताना चार प्रश्न विचारावे लागतात. वाळूच्या ट्रॅकवर की गवतावर? पाठीवर शर्यतीचा जॉकी होता की त्याच्याहून जड रायडिंग बॉय? एकटा धावला की जोडीदाराबरोबर, आणि जोडीदार किती ताकदीचा? कुंपणालगत धावला की मधून? शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण हिशेब करून पाहा : अर्धवर्तुळाकार वळणावर आतल्या कडेपासून एक मीटर बाहेरून धावलं की तीन मीटरांहून थोडं अधिक जास्तीचं अंतर पडतं. घोड्याची एक लेंग्थ अडीच मीटरांहूनही थोडी कमी. म्हणजे वळणावर एक मीटर बाहेर राहणारा घोडा एका लेंग्थहून जास्त देणं देऊन आलेला असतो, आणि आकड्यांत त्याची नोंद नसते.

चांगला ट्रेनर डर्बीच्या घोड्याला सरावात कधीच पूर्ण उघडत नाही. आठवड्यात एक-दोन वेगवान कामं, बाकी दिवस चाल, दुडकी आणि संथ धाव. शेवटचं जोरदार काम शर्यतीच्या काही दिवस आधी उरकतात. त्यानंतर वाढवायचं काही नसतं, सांभाळायचं असतं.

या दिवसांत सगळ्यांत खात्रीची बातमी ट्रेनरपेक्षा सईसाकडे असते. घोड्याला रोज खरारा करणारा, पायांवरून हात फिरवणारा तोच. पायाच्या नळीवर कालपेक्षा जरा जास्त ऊब लागली तर त्याच्या तळहाताला आधी कळतं. जोराच्या कामानंतर संध्याकाळी गव्हाणीत दाणा शिल्लक राहिला तर तेही त्यालाच आधी दिसतं. घोड्यात शिल्लक हवी, गव्हाणीत नको. काम केल्यावर चाटूनपुसून खाणारा घोडा ते काम पचवतो आहे. तोंड फिरवणारा घोडा, घड्याळ काहीही म्हणो, कर्जात चालला आहे.

आधीच्या शर्यती कशा वाचाव्या

निकालाच्या तक्त्यात ‘पहिला, दोन लेंग्थनी’ असं लिहिलेलं असतं. जाणकार त्यापुढे विचारतो : सुरुवातीचा वेग कसा होता? पुढे पळणाऱ्याला कुणी हटकलंच नसेल, तर तो आरामात विजयी दिसतो. उलट सुरुवात फार वेगवान झाली असेल तर पुढचे सगळे दमतात आणि मागून येणारा उगाच वाघ ठरतो. हरवलेले घोडे नंतर कुठे जिंकले का? मैदान किती ओलं, किती टणक होतं? आणि मुख्य म्हणजे शेवटचे दोनशे मीटर जॉकी काय करत होता, चाबूक उगारत होता की हात खाली ठेवून बसला होता?

गिनीजमध्ये जिंकलेल्यापेक्षा तिसऱ्या आलेल्याकडे डर्बीसाठी जास्त लक्ष द्यावं, असं अनेकदा होतं. वळणावर अडकलेला, वाट मिळाल्यावर शेवटी झपाट्यानं जवळ येणारा आणि विजयरेषेनंतरही पुढे पळत राहणारा घोडा जणू सांगत असतो की सोळाशे मीटर मला अपुरे पडले.

आता सेक्रेटेरिएटकडे परत येऊ. केंटकी डर्बीच्या दोन आठवडे आधी वूड मेमोरियल शर्यतीत तो तिसरा आला. शंकेखोरांना पुरावा मिळाला. प्रत्यक्षात त्याच्या ओठाच्या आत गळू झालं होतं. लगामाचा ताण त्याला सोसत नव्हता. ५ मे १९७३ रोजी तो केंटकीत धावला, दोन हजार मीटर. चारशे-चारशे मीटरचे पाच टप्पे त्यानं अनुक्रमे २५.२, २४, २३.८, २३.४ आणि २३ सेकंदांत कापले. दरवेळी आधीपेक्षा जलद. इतर घोडे जिथं खर्च संपवत होते तिथं हा नवी थैली उघडत होता. १ मिनिट ५९.४ सेकंद ही त्याची वेळ त्या शर्यतीत आजही विक्रम आहे. एका वाईट शर्यतीवरून घोडा मोडीत काढू नये. ती वाईट का झाली, हे आधी शोधावं.

पारखीची दुसरी, तितकीच अवघड बाजू म्हणजे न पाठवण्याचा निर्णय. २०११ साली इंग्लंडमधली टू थाउजंड गिनीज फ्रँकेलनं सुरुवातीपासून पुढे राहून सहा लेंग्थनी जिंकली. सगळा देश डर्बीची वाट पाहत होता. ट्रेनर हेन्री सेसिल यांनी त्याला डर्बीसाठी एप्समला पाठवलंच नाही. घोडा उतावळा होता, स्वतःला आवरायला अजून शिकत होता, आणि २४०० मीटरमध्ये उतावळेपणाची किंमत शेवटी चुकवावी लागते. त्यांनी त्याला सोळाशेवर ठेवलं, पुढच्या वर्षी शांत झाल्यावर दोन हजारच्या पुढे नेलं. चौदा शर्यती आणि चौदा विजय घेऊन फ्रँकेल निवृत्त झाला. तो डर्बी जिंकला असता का, या वादाला अंत नाही. घोड्याची शिल्लक त्याच्या मालकीची आहे, प्रेक्षकांच्या नाही, हे सेसिल यांना कळलं होतं.

शेवटची वीस मिनिटं

डर्बीच्या दिवशी महालक्ष्मीला रोजच्यापेक्षा कितीतरी मोठी गर्दी, कॅमेरे, बँड, टोप्या आणि गॉगल. कोवळ्या घोड्यानं असा गोंगाट कधी अनुभवलेला नसतो. पॅडॉकमध्ये फिरताना मानेवर थोडा घाम आला तर उन्हाचा समजावा. मागच्या पायांच्या मधे पांढरा फेस, सारखी झटकणारी शेपटी, सईसाला खेचत तिरकं चालणं ही लक्षणं दिसली तर घोडा शर्यत पॅडॉकमध्येच धावतो आहे. कान पुढे, मान सैल, पाऊल लांब, नजर गर्दीवरून शांतपणे फिरणारी असेल तर खर्च अजून सुरू झालेला नाही.

एवढं सगळं पाहूनही चूक होतेच. जगभरातल्या शर्यतींचा ढोबळ अनुभव असा की लोकांचा फेव्हरिट घोडा साधारण तीनांतली एकच शर्यत जिंकतो. स्टार्टिंग गेटमधून घोडा अर्धा सेकंद उशिरा निघाला, वळणावर इतर घोड्यांच्या भिंतीमागे कोंडला गेला, की वंश, हाडं, फुप्फुसं सगळी जागच्या जागी राहतात. म्हणून पारख हे भविष्य नव्हे आणि टीप तर नव्हेच. जो छातीठोकपणे नाव सांगतो त्याच्यापासून पाकीट सांभाळावं.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी महालक्ष्मीला जाणार असाल तर पैसे लावा किंवा लावू नका, पण शर्यतीआधी पॅडॉकच्या कठड्याशी जाऊन उभे राहा. रेसबुक मिटून ठेवा. सगळे घोडे पाहून एकच निवडा आणि का निवडला ते दोन ओळींत वहीत लिहा : चाल, घाम, कान, पाय. शर्यत झाल्यावर तिसरी ओळ लिहा, काय दिसलं होतं आणि काय सुटलं. पुढच्या डर्बीला सगळे घोडे नवे असतील. उपयोगी पडेल ती ही जुनी वही.